शुद्ध तुपाच्या गावात चार दिवस

इंदूरला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या गावात माणसं पुढे सरकून बसतात. राजवाडा केवढा आहे, कापडाच्या गिरण्या किती आहेत, हे कोणी विचारत नाही. काय काय खाल्लं, एवढंच विचारतात. मी खरं ते सांगतो. पहिल्या खेपेला मी पोहे, भाजलेली कणसं आणि केळी खाल्ली, आणि उरलेला वेळ समोरच्या ताटात काय घातलं असेल याचा विचार करत बसलो.

याचं कारण आधी सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आधीच्यांनी शाळेचंही पाहिलं नव्हतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही, उलट बरं वाटतं. मी मॅट्रिक झालो तेव्हा दावणीला एकच म्हैस होती, चांदी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. ती विकून मायनं मला जळगावला शिकायला पाठवलं. म्हैस गेली त्या दिवशी रिकाम्या खुंट्याजवळ उभी राहून माय म्हणाली, "इथं दुसरी म्हैस उभी राहीपर्यंत मला दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही." मी म्हणालो, मलाही नाही. अठरा वर्षांच्या पोराचा तो ताठा होता. पण मायनं तो तिथल्या तिथे बांधून टाकला.

"मग नीट ऐक. दोघांचं व्रत एकच. एकाचं मोडलं तर दोघांचं मोडलं. आणि मोडल्या व्रतावर मी या खुंट्याला म्हैस बांधणार नाही. कधीच नाही."

माय बोलली की बोलली. तिला ओळखणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

चार वर्षं आम्ही दोघांनी तेलावर काढली. मी बी. ए. झालो. इंदूरच्या एका मराठी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी लागली की म्हैस, एवढं सोपं गणित उरलं होतं. निघताना माय म्हणाली, "मुलाखतीचं मला कळत नाही. ते तू बघशील. तोंड सांभाळ."

मंगळवार, जुनी इंदूर

आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी चिठ्ठी दिली होती, तिच्या आधारावर मी जुन्या इंदुरात भाऊसाहेबांकडे उतरलो. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, खाली किराण्याचं दुकान. घरात दोघंच, भाऊसाहेब आणि काकू. भाऊसाहेबांचे पणजोबा दरबाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. भाऊसाहेबांनी स्वतः तीस वर्षं सरकारी कोठीत नोकरी केली. मुदपाकखान्यात जाणारं तूप पारखून घ्यायचं, हे त्यांचं काम. थेंबभर तूप मनगटावर चोळायचं, वास घ्यायचा आणि डबा आत घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं.

"अपन नाही म्हटलं तर डबा दिवाणसाहेबांच्या हुकमानंही आत जात नव्हता," ते म्हणाले. "आता राज्य गेलं. मध्यभारत झालं. राजधानी मिळाली तीपण अर्धी. पुढच्या महिन्यात सगळ्या फाइली ग्वाल्हेरला चालल्या जातील, उन्हाळ्यात परत येतील. राजधानी आहे का माहेरवाशीण, काही समजून नाही राहिलं."

मला माणूस आवडला. पण त्याचं घर तुपाचं निघालं होतं, आणि जेवायची वेळ झाली होती.

जेवायला बसलो. भाऊसाहेबांनी स्वतः तुपाचं भांडं उचललं. त्यांच्याकडे तूप यजमान वाढतो आणि पाहुणा "बस्स" म्हणेपर्यंत धार थांबत नाही. आमच्याकडे तूप बाई वाढते, तेही चमच्याच्या टोकानं. मी भातावर हात आडवा धरला.

"मला तूप नको."

"डॉक्टरनी मना केलंय?"

हो म्हणालो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि तेव्हा तर त्याचा अभिमानही होता. "डॉक्टरांचा काही संबंध नाही. मी खात नाही."

भांडं खाली गेलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. भाऊसाहेब थोडा वेळ वरण कालवत राहिले, मग शांतपणे म्हणाले, "सध्या शहरात ही पद्धतच झालीय. जो तो दुसऱ्याच्या घरी जाऊन तूप नको म्हणून राहिलाय. तोंडानं म्हणतात डॉक्टरनी मना केलंय, आणि मनात म्हणतात यांच्याकडे वनस्पती असेल. तुम्ही तर डॉक्टरची आड पण नाही घेतली. कमाल आहे."

तेव्हा मला उमगलं की या गावात तूप नाकारणं म्हणजे घरावर आळ घेणं. बाजारात वनस्पती तुपाचे डबे आल्यापासून प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. मी म्हशीची गोष्ट सांगितली असती तर त्यांचा राग गेला असता. पण ती ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जी दया येते ती मला सोसत नाही. वरणाला फोडणी कशाची होती कोण जाणे, म्हणून ते ताटात तसंच राहिलं. भात आणि लिंबाचं लोणचं खाऊन उठलो. काकूंच्या नजरेतून वरण सुटलं नाही.

बुधवार, पोहे आणि बेटमा

सकाळी भाऊसाहेब म्हणाले, "आमचं तर तुम्हाला चालत नाही. जा, कोपऱ्यावर पोहे खाऊन या." बोलण्यात खोच होती, पण सल्ला चांगला होता.

इंदूरचे पोहे आमच्यासारखे परतलेले नसतात. मोठ्या परातीत, खाली वाफ ठेवून, मऊ ठेवलेले असतात. वरून शेव, कांदा, लिंबू, बडीशेपेचा वास. मी तेलाचा डबा डोळ्यांनी पाहिला आणि मगच पहिला घास घेतला. चार वर्षांत परक्या गावात निर्धास्तपणे खाल्लेला तो पहिला घास. दुसरी बशी मागितली. पण इंदुरात पोह्यांबरोबर जिलबी खातात, आणि माझ्या पोह्यांशेजारी न मागता गरम जिलबी येऊन बसली.

"इसमें घी है क्या?" मी विचारलं.

मी हे साधेपणानं विचारलं होतं. पण दुकानदाराचा झारा हवेत थांबला. पोटावर गमछा बांधलेला, मिशा वळवलेला माणूस.

"घी है क्या मतलब? शुद्ध घी है, भिया. वनस्पती निकला तो ये मूँछ यहीं चौराहे पे उतरवा दूँगा."

"मग नको," मी म्हणालो आणि जिलबी परत केली.

बाकावरच्या लोकांनी खाणं थांबवलं. शुद्ध तूप आहे असं ऐकून जिलबी परत करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सही किया. मूँछ की कसम खा रिया है तो समझ लो वनस्पती है. सच्चे घीवाला कसम नी खाता."

हे ऐकून मी पेचात पडलो. वनस्पती म्हणजे झाडाचं तेल, ते आमच्या व्रतात बसत होतं. म्हणजे मला खोटारडा दुकानदार हवा होता. जो खरं बोलतोय त्याच्याकडे माझं व्रत मोडणार, जो फसवतोय त्याच्याकडे पोट भरणार. मी पुन्हा त्या जिलबीकडे पाहिलं. हात पुढे जाणार एवढ्यात दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "घोल में रात का दही डलता है, तभी तो खट्टी-मीठी आती है." मी हात मागे घेतला.

तेव्हापासून मी कोणाचाच शब्द खरा धरेनासा झालो. चहाच्या दुकानात बिनदुधाचा चहा मागितला तर चहावाल्यानं विचारलं, "घर में सब ठीक है ना, भिया?" त्यानं काळा चहा दिला, पण ज्या चमच्यानं ढवळला तो दुधाच्या पातेल्यातून काढलेला होता. मी तो चहा गटारात ओतला आणि केळी घेऊन चालू लागलो.

दुपारी भाऊसाहेबांना बेटम्याला ओळखीच्या शेतकऱ्याकडे जायचं होतं. मला म्हणाले, "चला, मोकळी हवा खा. तीत तर काही घातलेलं नाही ना?" बसनं धारच्या रस्त्याला लागलो. पाऊस उघडला होता. माळव्याची काळी माती आमच्या तापीकाठच्या मातीसारखीच, फक्त जास्त मोकळी पसरलेली. दोन्ही बाजूंना मका उभा. बेटम्याला त्या शेतकऱ्याच्या अंगणात तीन म्हशी बांधलेल्या होत्या. मी आधी त्यांच्याकडे गेलो. एकीच्या पाठीवर हात ठेवला, सड पाहिले, दात पाहिले. भाऊसाहेब मागून बघत होते.

"तुम्हाला म्हशीतलं समजतं?"

"थोडं."

"आणि तूप नाही खात."

मी पुढच्या म्हशीकडे वळलो.

घरातल्या म्हातारीनं निखाऱ्यावर कणसं भाजून दिली, वर मीठ, तिखट आणि लिंबू. ती मी चार खाल्ली. मग तिनं वाटीभर काहीतरी पिवळं, मऊ, राई-हिरव्या मिरचीच्या फोडणीचं आणून ठेवलं. कणीस किसून केलेला भुट्ट्याचा कीस. वास असा होता की भुकेल्या माणसानं पुढचं काही विचारू नये. मी विचारलं.

"मांजी, यात दूध आहे?"

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "दूध बिना को कीस? ऊ तो मुर्गा को दाणो वई गयो, बेटा."

बिनदुधाचा कीस म्हणजे कोंबडीचा दाणा. सगळे हसले. भाऊसाहेबही हसले, मंगळवारनंतर पहिल्यांदाच. मी मक्याची भाकर आणि लाल मिरचीची चटणी मागून घेतली. म्हातारी भाकरीला लोणी लावायला निघाली तेव्हा मी उठून तिच्या हातातून ती कोरडीच घेतली. परतताना बसमध्ये भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे फक्त आमच्याच घरावर तुमचा शक नाही. पूर्ण माळव्यावर आहे." आवाजातली खोच मात्र गेली होती.

गुरुवार, मुलाखत आणि बाफले

मुलाखतीला तिघं बसले होते. शेक्सपिअर विचारला, भूगोल विचारला, कवायत घ्याल का विचारलं. सगळं नीट चाललं होतं. मग चहा आला, साय धरलेला, कपबशीत. मी बशी हातानं पुढे सरकवली.

मधले गृहस्थ चष्म्यावरून बघू लागले. "आमच्याकडचा चहा चालत नाही का तुम्हाला?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. जातीवरून माझ्या आजाला लोकांनी ओंजळीत पाणी ओतून पाजलेलं मला ठाऊक आहे. तोच आरोप माझ्यावर उलटा येत होता. मी ताठ बसून म्हणालो, "तसलं काही माझ्या मनात येणार नाही. मी दूध सोडलंय. नोकरी लागेपर्यंत."

बोललो आणि जीभ चावली. म्हैस सांगितली नाही ती नाहीच, पण नोकरीसाठी नवस केलेला उमेदवार असं माझं चित्र तयार झालं. पलीकडचे गृहस्थ बाकीच्यांना म्हणाले, "म्हणजे यांना चहा पाजायचा असेल तर आधी नेमणूक करावी लागणार." तिघं हसले. मीही हसलो. कळवू म्हणाले.

घरी आलो तर जिन्यातच भाजल्या कणकेचा वास. भाऊसाहेबांनी माझ्या मुलाखतीसाठी दाल-बाफल्यांचा बेत ठरवला होता. बाफले म्हणजे कणकेचे जाड गोळे, आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे. ते फोडून तुपात बुडवतात. तूप लावत नाहीत, बुडवतात. भाऊसाहेब कपडे बदलायला आत गेले होते. मी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आता सांगण्यावाचून मार्ग नव्हता.

काकू चुलीशी बसल्या होत्या. मी चांदीचं सांगितलं, मायचं सांगितलं, एकाचं मोडलं तर दोघांचं मोडलं हेही सांगितलं. भराभर, भिंतीकडे बघत. दया दिसली तर बघायची नव्हती. बोलून झाल्यावर पाहिलं तर काकूंच्या चेहऱ्यावर दया नव्हती. त्या दाराकडे कान देत होत्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आज पोटभर खा. हे तूप नाही."

मला कळेना.

"वनस्पती आहे. दोन वर्षं झाली. राज्य गेलं तेव्हापासून पहिल्यासारखं नाही राहिलं, आणि यांना तुपाची धार धरल्याशिवाय पाहुणा जेवला असं वाटत नाही. तर मीच वनस्पती आणून कढवून राहिले. यांना नाही माहीत. माहीत पडलं तर या माणसाला तोंड दाखवायची जागा नाही राहणार. कोठीतला माणूस हा."

"वासाला ताक-बिक घालता?"

"विड्याचं पान टाकते, आणि चार मेथीदाणे. दुधाचा थेंब नाही. बाफल्यात दही टाकतात, पण तुम्ही मंगळवारी वरण सोडलं तेव्हाच मला काही तरी शक आला होता, म्हणून आज दही नाही टाकलं. लिंबू पिळलं."

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. पाहुणा दोन दिवस उपाशी आहे, नवरा दुखावलेला आहे, अशा वेळी घरची बाई काय करील? माझी माय असती तर अगदी हेच खोटं बोलली असती, आणि याहून सफाईनं. मी म्हशीवाल्या घरचा, मला वासावरून कळायला हवं होतं. भांड्यावर वाकून वास घेतला. विड्याच्या पानाचा वास आला. त्याखाली काय होतं ते चार वर्षांनी नाकाला सांगता येईना.

"विश्वास नाही?" काकू म्हणाल्या.

मी पुन्हा भांड्याकडे पाहिलं.

"नका ठेवू. पण मी माझ्या नवऱ्याची इज्जत तुमच्या हातात दिलीय. खोटं बोलायला कोणी एवढी मोठी वस्तू नाही देत."

पानावर बसलो. भाऊसाहेब भांडं घेऊन समोर उभे राहिले. माझ्याकडे बघत, काही न विचारता, थांबले. काकू दारात होत्या. मी बाफले फोडले आणि हात मांडीवर ठेवला.

धार सुरू झाली. मी "बस्स" म्हणायला जरा उशीर केला. पहिला घास तोंडात घालताना मला रिकामा खुंटा दिसत होता. जेवलो मात्र असा, की काकूंनी तिसऱ्यांदा डाळ आणली. भाऊसाहेब समाधानानं बघत होते.

"कसं काय आहे आमचं तूप?"

"असं तूप मी आजवर कोणाच्या घरी खाल्लं नव्हतं," मी म्हणालो. यातला शब्द न् शब्द खरा होता. दारातल्या काकू आत वळल्या.

शुक्रवार, परत

सकाळी काकू घरात नव्हत्या. भाऊसाहेब म्हणाले देवळात गेल्यात. त्या आल्या तेव्हा पदराखाली काहीतरी होतं, आणि मला बघून त्या भिंतीच्या बाजूनं स्वयंपाकघरात गेल्या. मी मनात म्हणालो, बघा, काहीतरी लपवतायत. कालचं खोटं होतं, आज त्याचंच काही निस्तरणं चाललं असेल. भरल्या पोटी संशय कमी होतो म्हणतात. माझा वाढला होता.

निघताना भाऊसाहेबांनी पितळेचा कडीचा डबा हातात ठेवला. "तुमच्या मातोश्रींना आमच्या घरचं तूप. सांगा, कोठीच्या माणसानं दिलंय." काकूंनी फडक्यात लाडू बांधून दिले, कालचेच उरलेले बाफले कुस्करून, गूळ आणि कालच्याच भांड्यातलं तूप घालून वळलेले, वाटेत खायला. त्यांनी माझ्याकडे मुळीच पाहिलं नाही.

वाटेत लाडू खाल्ले नाहीत. डबा मांडीवर घेऊन बसलो आणि मायला काय सांगायचं ते जुळवत राहिलो.

घरी पोचल्यावर सगळं सांगितलं. मायनं मध्ये एकही प्रश्न केला नाही. मी थांबल्यावर तिनं डब्याची कडी काढली, झाकण उघडलं, वास घेतला. बोटावर कणभर घेऊन दोन बोटांत चोळलं, तोंडात घातलं नाही.

"म्हशीचं आहे," ती म्हणाली. "अस्सल. लोणकढं. महिनाभराच्या आतलं."

म्हणजे काकू खोटं बोलल्या. म्हणजे मी गुरुवारी तीन वेळा डाळ घेऊन, मांडीवर हात ठेवून, चार वर्षं मोडून बसलो. मी खुंट्याकडे पाहिलं नाही.

"ते फडकं दे," माय म्हणाली.

लाडू फोडून तिनं नाकाशी धरला. पुन्हा धरला. चुलीजवळ नेऊन ऊब दिली आणि पुन्हा वास घेतला. मग माझ्यासमोर बसली.

"यात तुपाचा थेंब नाही. पानाचा वास आहे, मेथी आहे. हे तुझं ते वनस्पती."

"मग डब्यात?"

"तू तिला काय सांगितलंस? माय म्हशीवाली आहे म्हणून?"

"हो."

"मग झालं. तुला फसवायला वनस्पती चाललं असतं. मला नसतं चाललं. मी झाकण उघडलं असतं आणि त्या माणसाचं नाव गेलं असतं. म्हणून बाई सकाळी उठून कुठून तरी खरं घेऊन आली." माय डब्याकडे बघत राहिली. "स्वतःच्या घरात दोन वर्षं नाही, आणि मला डबाभर पाठवलं."

मग ती आणलेल्या लाडवांतला एक खाऊ लागली. चार वर्षांत तिनं तुपासारखं काही खाल्लं नव्हतं. "वाईट नाही," म्हणाली. मी त्या बाईवर तीन दिवस काय काय संशय घेतला ते तिला सांगितलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण दुसरा लाडू तिनं मला दिला नाही.

डबा फळीवर ठेवला. नोकरीचं पत्र दिवाळीआधी आलं. म्हैस यायला मात्र उन्हाळा उजाडला. तिच्या कपाळावर ठिपका नाही, पण मायनं तिचंही नाव चांदीच ठेवलं. ती खुंट्याला बांधली त्या दिवशी काकूंच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आम्ही दोघांनी भाकरीवर तूप घेतलं. डबा संपेपर्यंत नव्या म्हशीचं तूप साठलं होतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मायला सांगावं लागत नाही. शाळेची उन्हाळी सुट्टी संपवून इंदूरला निघालो तेव्हा तिनं डबा काठोकाठ भरला, झाकणावरून फडकं बांधलं आणि म्हणाली, "बाईच्या हातात दे. माणसाच्या नको."

मी काकूंच्या हातात दिला. त्यांनी फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि वास घेतला. मायनं पाठवलंय एवढं भाऊसाहेबांना सांगितलं. मग स्वयंपाकाला लागल्या.

त्या दिवशी माझ्या पानात भाऊसाहेबांनी ते तूप वाढलं. मी हात आडवा धरला नाही. मग त्यांनी स्वतःच्या भातावर घेतलं, थेंबभर मनगटावर चोळून वास घेतला, जुन्या सवयीनं. तीस वर्षं कोठीचं तूप पारखलेला माणूस तो. घास खाल्ला. काकू वाढायचं थांबून त्यांच्याकडे बघत होत्या.

"चांगलं आहे," भाऊसाहेब म्हणाले. "मातोश्रींना सांगा, छान आहे. पण खरं सांगायचं तर आपल्या घरच्या तुपाची सर नाही याला."

काकूंनी माझ्या भातावर आणखी वरण घातलं.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "म्हैस नवी आहे त्यांची."